वीगंड तार : फिरत्या शाफ्टची वीज आणि फेऱ्यांची मोजणी

फिरणाऱ्या शाफ्टवर चुंबक बसवायचे, त्या चुंबकाच्या फिरण्यातून थोडी वीज काढायची आणि तिच्यावरच शाफ्टच्या फेऱ्या मोजणारा चुंबकी संवेदक चालवायचा, ही कल्पना कागदावर अगदी सोपी आहे. तिच्यामागचे विज्ञान १८३१ सालीच माहीत झाले होते. तरीही बाहेरून वीज न घेता आणि बॅटरी न लावता कितीही मंद फिरणाऱ्या शाफ्टची बिनचूक मोजणी करणारी उपकरणे कारखान्यांत रुळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. हा उशीर वेगामुळे झाला. फिरण्यातून मिळणारी वीज वेगावर अवलंबून असते आणि मोजायचा शाफ्ट मात्र पुष्कळदा इंचाइंचाने सरकतो. या अडचणीवरचा उपाय पाव मिलिमीटर जाडीच्या एका पिळलेल्या तारेने दिला.

मायकेल फॅराडेने १८३१च्या ऑगस्टमध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन दाखवले. ऑक्टोबरमध्ये त्याने शक्तिशाली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग प्रवाह मिळवला. यांत्रिक फिरण्यातून वीज काढणारे ते पहिले यंत्र. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचे यंत्र बनवले. त्यात नालाकृती चुंबक तारेच्या वेटोळ्यांसमोर फिरे. फॅराडेचा नियम असा की, वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह जितक्या झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त. चुंबक कितीही दांडगा असला तरी तो सावकाश फिरला, तर वेटोळ्यात नाममात्र व्होल्टेज येतो. मोठ्या जनित्रांच्या बाबतीत याची फारशी पंचाईत झाली नाही, कारण ती वेगानेच फिरवली जातात.

लहान यंत्रांत ही उणीव लगेच दिसे. रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टमधील कार्यशाळेने १८८७ साली स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि पुढे बॉशच्याच गॉटलोप होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगी मिळू लागली आणि मोटारीला त्या कामापुरती बॅटरी लागेनाशी झाली. पण इंजिन सुरू करताना हँडल जोरात फिरवावे लागे, कारण हळू फिरवले तर ठिणगी पडतच नसे. सायकलच्या डायनॅमोचेही तेच. १९३६ साली इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने चाकाच्या हबमध्येच बसणारा डायनोहब बाजारात आणला. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो तर महाराष्ट्रात गावोगावी दिसे. चढावर किंवा चौकात सायकल मंदावली की दिवा मिणमिणायचा आणि सायकल थांबली की विझायचा, हे तो वापरलेल्या पिढीला चांगले आठवत असेल.

वीज आणि मोजणी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या पिकअप कॉइलमध्ये. गॅरेजमध्ये जिला पल्सर कॉइल म्हणतात ती हीच. लहान चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते आणि समोरून लोखंडी दात किंवा उंचवटा गेला की वेटोळ्यात व्होल्टेजची एक लाट उठते. तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. मोटारसायकलच्या प्रज्वलनाचा क्षण तिनेच ठरू लागला. १९७८ साली बॉशची एबीएस प्रणाली मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास गाडीत आली, तेव्हा चाकांचा वेगही अशाच कॉइलने मोजला गेला. मात्र गाडी रांगू लागली की ही लाट इतकी लहान होते की ती गोंगाटातून वेगळी काढता येत नाही. म्हणून पुढे तिच्या जागी हॉल संवेदक आणि चुंबकरोधी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने विद्युत्-रोध बदलणारे, संवेदक आले.

एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडला आणि त्यावर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले. वर्खाच्या दोन कडांमध्ये अल्पसा व्होल्टेज दिसला. हा व्होल्टेज क्षेत्राच्या बळावर अवलंबून असतो, त्याच्या बदलाच्या वेगावर नाही. त्यामुळे चुंबक स्थिर असला तरी हॉल संवेदक त्याची दिशा सांगू शकतो. पण त्यासाठी संवेदकातून सतत प्रवाह वाहता ठेवावा लागतो. थोडक्यात, कॉइल स्वतःची वीज स्वतः करते पण मंद वेगाला आंधळी असते, आणि हॉल संवेदकाला मंद वेग दिसतो पण तो बाहेरच्या विजेवर जगतो. पुढचा सगळा इतिहास या दोघांची सांगड घालण्याचा आहे.

त्या सांगडीचे बीज पडले ते एका आवाजातून. १९१९ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन याने लोखंडाच्या तुकड्याभोवती वेटोळे गुंडाळून ते प्रवर्धकाला जोडले आणि चुंबक हळूहळू जवळ आणला. चुंबक संथपणे सरकत होता, पण ऐकू येत होती खरखर. लोखंडाचे चुंबकन सलग होत नाही, ते असंख्य बारीक उड्यांनी होते, याचा तो पुरावा होता. प्येर वाइस याने १९०७ साली मांडलेल्या चुंबकीय प्रांतांच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेल्या बारीक भागांच्या, कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. प्रत्येक उडी म्हणजे एका लहानशा भागातील चुंबकन झटकन उलटणे. बाहेरचे क्षेत्र कितीही सावकाश बदलत असो, उडीचा वेग त्या बदलावर अवलंबून नसतो. मंद फिरण्याच्या प्रश्नाची गुरुकिल्ली यातच होती, फक्त या उड्या फार लहान आणि विखुरलेल्या होत्या.

त्या एकवटता येतात हे १९३१ साली दिसले. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत के. जे. सिक्स्टस आणि लेवी टाँक्स यांनी निकेल-लोखंडाची तार ताणून धरली आणि तिच्या एका टोकाला चुंबकन उलटवले. ते उलटणे तारेतून लाटेसारखे दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेले. तारेवर अंतराने बसवलेल्या दोन वेटोळ्यांत आलेल्या व्होल्टेजमधील कालावधी मोजून त्यांनी लाटेचा वेग काढला. क्षेत्र एका ठरावीक मर्यादेच्या जितके वर, तितका तो वेग जास्त. अख्खी तार जणू एका उडीत उलटत होती. मात्र तार ताणातून मोकळी केली की हा गुण उरत नसे. ताणलेली तार सांभाळणारी चौकट प्रयोगशाळेत चालते, मोटारीत किंवा मीटरमध्ये चालत नाही. प्रांतांच्या भिंती कशा सरकतात हे समजण्यासाठी हे प्रयोग मोलाचे ठरले, पण उपकरण बनायला आणखी चाळीस वर्षे गेली.

ताण तारेच्या आतच कायमचा कोंडून ठेवण्याची युक्ती जॉन आर. वीगंड याला सापडली. जर्मनीत जन्मलेला वीगंड १९३०च्या दशकात अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या जुइलियार्ड संगीतशाळेत तो पियानो आणि समूहगायनाचे संचालन शिकला आणि नंतर इलेक्ट्रॉनिक्स व चुंबकत्वाकडे वळला. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेचे पाठबळ असलेल्या संशोधकांच्या पंक्तीत हा माणूस वेगळा उठून दिसतो. त्याचे मूळ पेटंट १९७४ साली मंजूर झाले. एकाच धातूच्या तारेत मऊ गाभा आणि कठीण कवच, असे त्यात वर्णन आहे. मऊ आणि कठीण हे शब्द इथे चुंबकीय अर्थाने घ्यायचे. मऊ भागाचे चुंबकन थोड्या क्षेत्राने उलटते, कठीण भागाला त्यासाठी पुष्कळ जास्त क्षेत्र लागते.

या कामासाठी निवडलेला मिश्रधातू म्हणजे विकॅलॉय. त्यात निम्म्याहून थोडा जास्त कोबाल्ट, सुमारे एक दशांश व्हॅनेडियम आणि बाकी लोखंड असते. तापवून मऊ केलेली पाव मिलिमीटर जाडीची तार ताणून धरायची आणि पुढे सरकवत तिला एकदा एका दिशेने, एकदा उलट दिशेने पीळ द्यायचा. तारेला पीळ दिला की बाहेरचा थर सर्वांत जास्त ओढला जातो आणि मध्याकडे ही ओढ कमी कमी होत जाते. त्यामुळे बाहेरचा भाग कायमचा विकृत होतो, आतला जवळजवळ पहिल्यासारखाच राहतो. शेवटी तार पुन्हा ठरावीक तापमानात ठेवून तिचा गुण पक्का केला जातो. या कृतीत धातूची भर पडत नाही, लेप नाही, जोड नाही. एकाच धातूचे दोन स्वभाव केवळ पिळाने घडवले जातात. पीळ थोडा कमी-जास्त झाला तर तारेचा गुण बदलतो, म्हणून ही तार बनवणे आजही मोजक्याच ठिकाणी जमते.

अशा तारेचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेऊन त्याभोवती हजारो फेऱ्यांचे बारीक वेटोळे गुंडाळले की संवेदक तयार झाला. चुंबक फिरत जवळ येतो तसे तारेवरचे क्षेत्र वाढत जाते. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका ठरावीक मर्यादेला मऊ भागाचे चुंबकन एकदम उलटते आणि वेटोळ्यात काही व्होल्टची नाडी उमटते. ती दहा-वीस मायक्रोसेकंद टिकते. घरातल्या दिव्याच्या बटणासारखेच हे आहे. बटण कितीही हळू दाबले तरी आतली पट्टी आपल्याच वेगाने खटकन पलटते. शाफ्टला एक फेरी पूर्ण करायला एक सेकंद लागो की एक दिवस, नाडी तेवढीच उंच आणि तेवढीच रुंद. फॅराडेचा नियम इथे मोडलेला नाही. चुंबकीय प्रवाहाचा बदल झपाट्यानेच होतो, फक्त तो झपाटा शाफ्टकडून न येता तारेच्या आतून येतो. शाफ्टने सावकाश केलेले काम तारेत साठते आणि एका क्षणात मोकळे होते.

या तारेचे हक्क अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एक्लिन या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने घेतले. प्रज्वलनाचे झिजणारे काँटॅक्ट पॉइंट काढून त्यांच्या जागी ही तार बसवावी, हा सुरुवातीचा मोठा हेतू होता. तिला नाव मिळाले मात्र भलत्याच ठिकाणी, दारावरच्या ओळखपत्रांत. प्लास्टिकच्या कार्डात तारेचे तुकडे दोन रांगांत पुरले जात. एका रांगेतला तुकडा म्हणजे शून्य, दुसरीतला म्हणजे एक. कार्ड खाचेतून ओढले की वाचकातल्या चुंबकांमुळे एकेक तुकडा नाडी देई. साध्या चुंबकी पट्टीवरची माहिती पुसली जाऊ शकते किंवा तिची नक्कल करता येते. या कार्डाची नक्कल करायची तर तीच तार हवी, आणि ती बाजारात मिळत नसे. १९८०च्या दशकात अशी कार्डे खूप वापरात होती. पुढे बिनस्पर्श कार्डे आली आणि तारेची कार्डे मागे पडली. राहिली ती वाचक आणि नियंत्रक यांच्यामधल्या दोन तारांची पद्धत. हिरवी तार शून्यासाठी, पांढरी एकासाठी, आणि नेहमीचा संदेश २६ बिटांचा. मुंबई-पुण्यातील कार्यालयांत दारावर कार्डवाचक बसवणारे कारागीर आजही वायरिंग करताना ‘वीगंड’ हा शब्द वापरतात, जरी त्या कार्डात वीगंड तारेचा तुकडाही नसतो.

शाफ्टच्या मोजणीतही ही तार होतीच. प्रवाहमापकांत आणि वेगमापकांत तिचा उपयोग होत होता. पण तेव्हा तिची नाडी केवळ खूण म्हणून वापरली जात होती. त्या नाडीतली ऊर्जा हेच तिचे खरे धन आहे हे ध्यानात आले ते एन्कोडरच्या धंद्यातल्या एका जुन्या दुखण्यामुळे.

एन्कोडर म्हणजे शाफ्टची स्थिती आकड्यांत सांगणारे उपकरण. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे याच्या नावाच्या संकेताचे पेटंट १९५३ साली मंजूर झाले. तो संकेत चकतीवर कोरला की शाफ्ट एका फेरीत नेमका कुठे आहे हे वीज येताक्षणी कळते. फेऱ्या किती झाल्या हे मात्र चकती सांगत नाही. क्रेनचा दोर, धरणाचा दरवाजा, यंत्रमानवाचा हात, या सगळ्यांना फेऱ्यांचाही हिशेब लागतो. वीज गेली असताना कुणी हाताने शाफ्ट फिरवला किंवा ओझ्याने दोर घसरला, तर पुन्हा वीज आल्यावर यंत्राला ते कळत नाही. मग होमिंग करावे लागते, म्हणजे यंत्र सावकाश एका ठरलेल्या खुणेपर्यंत नेऊन तिथून नव्याने मोजणी सुरू करायची. भरल्या क्रेनवर किंवा अर्धवट वेल्डिंग झालेल्या सांगाड्यात हात घालून उभ्या असलेल्या यंत्रमानवावर हे नेहमी शक्य नसते.

यावर दोन उपाय रूढ होते. पहिला घड्याळासारख्या गिअरांचा. मुख्य शाफ्टवरून सोळास एक या प्रमाणात तीन टप्पे घेतले की ४०९६ फेऱ्यांपर्यंतचा हिशेब गिअरांच्या स्थितीतच लिहिला जातो, वीज असो वा नसो. पण असे गिअर जागा खातात, झिजतात आणि हादऱ्यांनी बिघडतात. दुसरा उपाय बॅटरीचा. वीज गेल्यावरही मोजणीचे सर्किट बॅटरीवर जागे ठेवायचे. हा स्वस्त, म्हणून फार पसरला. बॅटरी मात्र काही वर्षांत बदलावीच लागते, आणि वेळेवर बदलली नाही तर मोजणीचा शून्यबिंदू हरवतो. मग हाताने जुळवाजुळव करेपर्यंत लाइन बंद ठेवावी लागते. कित्येक कारखान्यांत केवळ यासाठी बॅटरी बदलण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते.

वीगंड तारेची नाडी इथे उपयोगी पडली. तिच्यात सुमारे दोनशे नॅनोज्यूल ऊर्जा असते. एक वॉटचा दिवा एक सेकंद पेटवायचा तर अशा पन्नास लाख नाड्या लागतील. १९७४ साली एवढ्याशा विजेत मोजणीचे सर्किट चालवणे अशक्य होते. तारेत पुढे फार मोठा बदल झाला नाही. तिच्या भोवतालच्या इलेक्ट्रॉनिक्सची भूक मात्र कमी होत गेली. सर्वांत मोठी अडचण आकडा लिहून ठेवण्याची होती. ईईप्रॉम जातीच्या स्मृतीला एक नोंद करायला काही मिलिसेकंद लागतात, आणि साधारण लाखभर नोंदींनंतर तिचा भरवसा संपतो. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या शाफ्टवर दर फेरीला दोन नाड्या धरल्या तर सेकंदाला शंभर नोंदी होतात, आणि लाख नोंदी सतरा मिनिटांच्या आत संपतात. एफरॅम म्हणजे फेरोइलेक्ट्रिक स्मृती आली आणि हा पेच सुटला. तिच्यात लिहायला अत्यल्प ऊर्जा आणि क्षणाचा अंश पुरतो, नोंदींची संख्या अब्जांच्या घरात गेली तरी ती टिकते आणि वीज गेली तरी आकडा जात नाही.

जर्मनीतील कोलोन इथल्या फ्राबा समूहाने, त्याच्या पोझिटाल या नावाखाली, ही जुळणी बाजारात आणली. त्यात शाफ्टच्या टोकाला चुंबक असतो आणि त्याच्यासमोर वीगंड तार व हॉल संवेदक. अर्ध्या फेरीनंतर तारेवरचे क्षेत्र उलटे होते आणि नाडी उठते. एकदा धन, पुढच्या अर्ध्या फेरीला ऋण. नाडीची वीज लहान धारित्रात साठते, सर्किट जागे होते, आकडा एकने बदलून एफरॅममध्ये लिहिते आणि पुन्हा निजते. हे सगळे बाहेरची वीज बंद असताना घडते.

दिशा ओळखण्याची रीत विशेष देखणी आहे. शाफ्ट उजवीकडे फिरो वा डावीकडे, नाड्या धन-ऋण अशा आलटूनपालटूनच येतात, तेव्हा नुसत्या नाडीवरून दिशा कळत नाही. पण तार क्षेत्र उलटताक्षणी पलटत नाही, ती थोडी मागाहून पलटते. शाफ्ट पुढे फिरत असेल तर ती एका बाजूच्या कोनात पलटते, मागे फिरत असेल तर विरुद्ध बाजूच्या कोनात. नाडीच्याच विजेवर त्या क्षणापुरता हॉल संवेदक जागा करून चुंबक कोणत्या बाजूला आहे एवढे विचारले की दिशा ठरते. ज्या हॉल संवेदकाला सतत वीज लागते म्हणून तो बाद होता, त्याला दहा-वीस मायक्रोसेकंदांपुरती वीज तारच पुरवते. तारेच्या उशिरा पलटण्याचा दोषही कामी लावला जातो. फेरीमधला बारीक कोन मात्र मुख्य वीज परत आल्यावरच वाचला जातो. वीज नसताना तेवढी बारकाई लागतही नाही.

या एन्कोडरांची मागणी वाढली तशी फ्राबाने तार बनवण्याची अमेरिकेतील यंत्रसामग्री विकत घेतली आणि ती जर्मनीतील आखेनला नेली. तेव्हापासून तारेचे उत्पादन आणि तिच्यावरचे संशोधन तिथे चालते.

जपानमध्ये योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात यासुशी ताकेमुरा यांच्या गटाने नाडीचे मूळ आणि तिची ऊर्जा या दोन्हींचा बारकाईने अभ्यास केला. वीगंड तारेच्या एकाच नाडीतून मिळालेल्या ऊर्जेवर हॉल संवेदक बॅटरीविना चालतो, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध २०१७ साली ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन मॅग्नेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तारेच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. मोटार चालवणे किंवा दिवा लावणे तिला कधीच जमणार नाही. चुंबक फार दुबळा असेल तर ती पलटत नाही. शेजारी दुसरे जोरदार क्षेत्र असेल, उदाहरणार्थ मोटारीच्या चुंबकी ब्रेकचे, तर तिची मोजणी चुकू शकते, म्हणून एन्कोडरभोवती लोखंडी कवच लागते. वेग भरपूर आणि सतत असेल तिथे साधा डायनॅमोच स्वस्त पडतो. जिथे शाफ्ट महिनोन्‌महिने स्तब्ध राहून कधीतरी अर्धी फेरी सरकतो आणि तेवढीच अर्धी फेरी चुकवून चालत नाही, तिथे ही तार भरवशाचा आणि देखभालीविना चालणारा उपाय ठरते.